हाताने रंगवलेली रिळं: रंग का थरथरतो?

प्रश्न असा आहे: "सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या, हाताने रंगवलेल्या मिनिट-दोन मिनिटांच्या फिती मी मोबाइलवर पाहिल्या. रंग सारखा थरथरतो, कपड्याबाहेर सांडतो, मध्येच नाहीसा होतो. तरी नजर हटत नाही. यात एवढं ओढून घेणारं काय आहे? दिसतो तो रंग खरंच तेव्हाचा आहे का? आणि असं काही घरी करून बघता येईल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: येईल, जरूर करा, कृती खाली लिहिली आहे. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मात्र जरा बैठक मारावी लागेल.

माझा हात रंगात बुडाला तो सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओत. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. रंगीत फोटो आले होते, पण महाग होते. लग्नातला जोडीचा कृष्णधवल फोटो मोठा करून "कलर करून द्या" म्हणणारी गिऱ्हाइकं अजून यायची. स्टुडिओच्या मालकांना आम्ही नाना म्हणायचो. नाना काडीला कापूस गुंडाळून शालूवर रंग चढवायचे आणि मला ओरडायचे, "गालाला रंग लावू नकोस रे, गालाला रंग आला असं वाटू दे." पुढे मी मुंबईला फिल्म लॅबमध्ये गेलो. त्यानंतरची वर्षं जुनी रिळं तपासणं, फाटलेली भोकं सांधणं, प्रिंट स्कॅनला जाण्याआधी तयार करणं यात गेली. म्हणजे मी सांगतोय ते भिंगातून बघितलेलं आहे, बाकीचं त्या भिंगामुळे वाचावं लागलेलं.

आणि एक चूक सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलता येत नाही.

एका संग्राहकाने बिस्किटाच्या डब्यात ठेवलेला दहा-बारा फुटांचा तुकडा माझ्याकडे आणून दिला होता. नायट्रेट फिल्म, म्हणजे जुनी, चटकन पेट घेणारी जात, बरीच आक्रसलेली. काळ्या पार्श्वभूमीवर नाचणारी एक बाई, तिच्या झग्यावर गुलाबी आणि थोडा पिवळा. एका कडेला बुरशीसारखा डाग होता. मी सवयीने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि हलक्या हाताने फिरवला. डाग तसाच राहिला, बोळा मात्र गुलाबी झाला. चार फ्रेममधला झगा पांढराफटक पडला होता. आधी कोपऱ्यात एका थेंबाची चाचणी घ्यायची, हे मी शिकाऊ मुलांना रोज सांगायचो. मालकाला फोन करून खरं ते सांगितलं. तो काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. या फितींमधला रंग चित्राचा भाग नाहीच. चित्र चांदीचं आहे, कॅमेऱ्याने घेतलेलं. रंग हा त्यावर नंतर येऊन बसलेला पाहुणा आहे, आणि तो शेवटपर्यंत पाहुण्यासारखाच वागतो. त्याची चाल वेगळी, त्याचा ताल वेगळा. तुम्हाला जे ओढून घेतं ते हेच आहे, असं माझं मत आहे. एका पडद्यावर दोन हालचाली एकाच वेळी चाललेल्या असतात: एक नाचणाऱ्या बाईची, दुसरी रंगवणाऱ्या बाईच्या हाताची.

आता हे जरा खोलात.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी, तिच्यावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण. जिथे चांदी दाट तिथे काळं, जिथे चांदी नाही तिथे नुसतं स्वच्छ जिलेटिन, म्हणजे पडद्यावर पांढरं. यावर आपला नेहमीचा पोस्टर कलर लावला तर काय होईल? तो प्रकाश अडवतो, म्हणून पडद्यावर काळा धब्बा दिसेल. त्यामुळे लागायचं ते रंगीत पाणी. डांबरापासून काढलेले अ‍ॅनिलिन रंग तोपर्यंत कापडगिरण्यांत रुळले होते. ते पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळायचे, जिलेटिनमध्ये मुरायचे आणि प्रकाश आरपार जाऊ द्यायचे. काचेवर रंगीत चित्रं काढून ती मॅजिक लँटर्नने भिंतीवर पाडणारे कलाकार ही विद्या आधीपासून जाणत होते. सिनेमाला ती तयारच मिळाली. आपल्याकडे कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने जे खेळ केले, त्यातली पौराणिक चित्रंही काचेवर हाताने रंगवलेलीच होती. म्हणजे जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फितींचा खेळ लागला, त्याच्या चार वर्षं आधी आपल्याकडच्या प्रेक्षकांनी पांढऱ्या पडद्यावर रंगीत प्रकाश पाहिलेला होता.

काच मात्र तळहाताएवढी असते. ३५ मिलिमीटर फिल्मची एक फ्रेम असते साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच, टपालाच्या तिकिटात मावेल अशी. त्या काळी कॅमेरा लांब ठेवून माणूस नखशिखांत दाखवायची पद्धत. मग त्या फ्रेममध्ये माणसाचं डोकं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं येतं. आता ते चित्र साडेतीन मीटर उंच पडद्यावर पाडा. जवळजवळ दोनशे पट मोठं होतं. म्हणजे रंगवताना ब्रश अर्धा मिलिमीटर सरकला की पडद्यावर रंग चार बोटं बाहेर. आणि पुढच्या फ्रेममध्ये तो दुसरीकडे सरकणार, त्याच्या पुढच्यात तिसरीकडे. सेकंदाला साधारण सोळा फ्रेम पळतात तेव्हा हे सगळे सरकणे एकापाठोपाठ एक दिसतात आणि रंगाची कड मंद आचेवरच्या दुधासारखी खदखदते. तुम्ही थरथर म्हणता ती हीच.

मग ती खटकत का नाही? याला आपल्या डोळ्याचा स्वभाव कारण आहे. आकार, कडा, बारकावे आपण उजेड-अंधारावरून ओळखतो. रंगाच्या बाबतीत डोळा बराच ढिला असतो. आजचे व्हिडिओसुद्धा याच ढिलाईचा फायदा घेतात: उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात, रंगाची अर्धी-पाव ठेवून जागा वाचवतात. या फितींत आकार चांदीने पक्का धरून ठेवलेला असतो, म्हणून रंग थोडा इकडेतिकडे भटकला तरी बाई बाईच राहते. देवघरातल्या जुन्या तसबिरी आठवा. रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीला आजीने टिकल्या आणि जर चिकटवलेली असायची. जर साडीच्या काठावर नेमकी बसलेली नसायचीच. कुणाला खटकली कधी?

विषयांची निवडही बघा. या फितींत नाच किती आहेत! एडिसनच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत १८९५ च्या सुमारास अ‍ॅनाबेल व्हिटफोर्ड या नर्तकीचा 'सर्पेंटाइन डान्स' चित्रित झाला आणि त्याच्या काही प्रती हाताने रंगवल्या गेल्या. रंगीत सिनेमाचे जे सगळ्यात जुने नमुने आज हाताशी आहेत त्यांत हा मोडतो. ती फीत साधारण पन्नास फुटांची धरली तर फुटाला सोळा या हिशेबाने आठशे फ्रेम झाल्या. ल्युमिएर कंपनीनेही लगेच आपला सर्पेंटाइन नाच काढला आणि रंगवला. या दोन्ही फितींखाली आज सर्रास लोई फुलरचं नाव टाकलेलं असतं. ते चूक आहे. फुलर ही त्या नाचाची जननी. अमेरिकेतून आलेल्या या बाईने १८९२ मध्ये पॅरिसच्या फोली बर्जेरमध्ये हा नाच गाजवला आणि मग तिची नक्कल करणाऱ्या नर्तकींचं पीक आलं. फितींत दिसतात त्या या नकला.

फुलर नेमकं काय करायची हे कळलं की रंगवणाऱ्यांचं डोकं कसं चाललं ते कळतं. भरपूर घेराचा पांढरा रेशमी झगा, बाह्यांमध्ये लांब काठ्या, रंगमंचावर काळोख, आणि बाजूंनी, खालून रंगीत काचांमधून सोडलेला प्रकाश. कापड पांढरं, रंग प्रकाशाचा. झगा हलायचा तसा रंग बदलायचा. म्हणून त्या फितींत झगा पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा हिरवा होत जातो तेव्हा ते कापड रंगवलेलं नसतं, तो रंगमंचावरचा प्रकाश रंगवलेला असतो. प्रकाश तर सांडतोच. त्याला कुठे कड असते?

दुसरं कारण निव्वळ कारागिरीचं. मघाशी म्हटलं तसं, रंग फक्त जिथे फिल्म स्वच्छ आहे तिथेच उमटतो. काळ्या भागावर कितीही लाल लावा, दिसणार नाही. काळ्या पडद्यापुढे पांढरा झगा म्हणजे रंगवणाऱ्याला आयतं पान वाढलेलं. धूर, वाफ, ज्वाळा, तोफेचा भपकारा या पांढऱ्या गोष्टीही तशाच. १९०३ च्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'च्या काही प्रतींमध्ये नाचघरातल्या बायकांचे झगे, बंदुकीचा धूर आणि तिजोरीचा स्फोट एवढंच रंगवलेलं आहे, बाकी सगळा सिनेमा करडा. गोळी सुटते आणि करड्या जगात क्षणभर नारिंगी फूल उमलून विझतं. पूर्ण रंगीत चित्रात ते दिसलंही नसतं. नाना म्हणायचे, फोटोत एकच गोष्ट रंगव, बघणारा तिथेच बघतो.

हे काम कोण करत होतं, तर बहुतेक ठिकाणी बायका. पॅरिसमध्ये रू द्यु बाक या रस्त्यावर एलिझाबेत त्युइलिए या बाईंची रंगशाळा होती. जादूचे सिनेमे काढणाऱ्या फ्रेंच जॉर्ज मेलिएसच्या फिती तिथे रंगवल्या जात. १९२९ मध्ये, सगळं मागे पडल्यावर, या बाईंनी आपल्या कामाबद्दल सांगून ठेवलं आहे म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं. हाताखाली दोनशेहून जास्त बायका. रात्री स्वतः बसून छटा ठरवायच्या, दिवसा बायकांकडून लावून घ्यायच्या. एका बाईकडे एकच रंग, तो लावून झाला की रीळ पुढच्या बाईकडे. एका फितीत वीसहून जास्त रंगही व्हायचे.

पेणला गणपतीच्या कारखान्यात गेला असाल तर हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. अंगाचा रंग एकाचा, पितांबर दुसऱ्याचा, दागिने तिसऱ्याचे, आणि डोळ्यांची आखणी ज्याचा हात बसलेला आहे त्याचीच. फरक एवढाच की इथे मूर्ती इंचाहूनही लहान, आणि तीच मूर्ती केसाएवढा फरक करून हजारो वेळा रंगवायची. त्या दोनशे बायकांपैकी बहुतेकींची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. आपल्याकडे सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव तरी उरलं. त्या काळी कच्ची फिल्म भोकांशिवाय मिळायची, आणि दादासाहेबांच्या फिल्मला रात्री अंधारात बसून भोकं पाडायचं काम त्यांनी केलं होतं. सिनेमाच्या सुरुवातीला बाईचा हात जिकडेतिकडे आहे, फक्त पडद्यावर नाव नाही.

मेलिएसचं एक तंत्र सांगण्यासारखं आहे. त्या वेळच्या फिल्मला लाल जवळपास दिसायचाच नाही, तो काळा यायचा, आणि निळा पांढरा पडायचा. म्हणून हा गृहस्थ नेपथ्य मुळातच करड्या छटांत रंगवून घ्यायचा. म्हणजे स्टुडिओत सगळं राखाडी, फिल्मवर राखाडी, आणि रंग पहिल्यांदा जन्माला यायचा तो त्युइलिएबाईंच्या टेबलावर. या फितींना "मूळ रंग कोणता होता" असं विचारण्यात अर्थ नसतो, कारण रंगवण्याआधी रंग नव्हताच. तिने ठरवला तो मूळ.

त्याच्या १९०२ च्या चंद्रावरच्या सफरीची कथा तुम्ही ऐकली असेल, तरी टेबलावरच्या माणसाच्या नजरेने पुन्हा सांगतो. या सिनेमाची रंगीत प्रत नष्ट झाली असंच सगळे धरून चालले होते. १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या चित्रपट संग्रहालयाकडे एका अनामिक संग्राहकाकडून आलेल्या डब्यांत ती निघाली. निघाली म्हणजे काय, तर वळी एकमेकींना चिकटून कडक झालेली चकती निघाली. अशी चकती हातात घेतली की लाकडाचा ठोकळा वाटतो. ती पुढे पॅरिसच्या लोबस्टर फिल्म्सच्या लोकांनी अदलाबदलीत मिळवली. त्यांना आढळलं की फ्रेमच्या कडा जास्त चिकटल्या आहेत, चित्राचा भाग त्यामानाने वाचला आहे. रसायनाच्या वाफेत ठेवून थर सैल केले, आणि महिनोन्‌महिने थोडी थोडी फिल्म सोडवत तिचे फोटो काढले. मग काही वर्षं थांबले, कारण तुकडे जुळवायला लागणारी संगणकाची साधनं तेवढी तयार नव्हती. २०१० मध्ये काम पुन्हा हाती घेतलं. फाटलेल्या, हरवलेल्या जागा कृष्णधवल प्रतींवरून भरल्या आणि त्यांवर रंग चढवला. एकूण १३,३७५ फ्रेम. मे २०११ मध्ये कान महोत्सवात ती दाखवली गेली, मूळ सिनेमानंतर १०९ वर्षांनी.

१३,३७५ या आकड्यावर जरा थांबा. एका बाईने एका फ्रेमला एका रंगासाठी अर्धा मिनिट घेतलं असं धरलं, तरी एका रंगाचे ११० तासांच्या वर झाले. हे एका प्रतीचं. दुसरी प्रत हवी असेल तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे या फितींत दोन प्रती कधीच सारख्या नसतात. चंद्राच्या त्या प्रतीत तोफ उडायच्या प्रसंगातला झेंडा स्पेनच्या रंगांत रंगवलेला आहे. म्हणजे ती स्पेनमधल्या कुणा खेळवाल्यासाठी तयार झाली असावी. फ्रेंच माणसाच्या सिनेमात, गिऱ्हाइकाच्या देशाचा झेंडा! लग्नाच्या फोटोत नवरीची साडी प्रत्यक्षात हिरवी असताना सासूबाईंच्या सांगण्यावरून आम्ही लाल करायचो, त्यातलाच प्रकार.

अदलाबदलीत बार्सिलोनाला गेली ती फीत सेगुंदो दे चोमोनची होती, आणि हे फार शोभून दिसतं. चोमोन स्पॅनिश, स्वतः रंगवणारा आणि ट्रिक फोटोग्राफीतला जादूगार. त्याची बायको ज्युलियेन मात्यू त्याच्या फितींत काम करायची. बार्सिलोनात रंगकाम करत असताना तो फ्रान्सच्या पाते कंपनीशी जोडला गेला आणि पुढे पॅरिसला गेला. त्याची १९०७ ची 'ले स्पेक्त्र रूज' बघा. गुहेत लाल सांगाड्यासारखा जादूगार, बाटल्यांत कोंडलेल्या इवल्या बायका. रंगाशिवाय ती फीत अर्धी मरते.

पातेला शेकडो प्रती लागायच्या, तेव्हा हाताने एकेक रंगवणं परवडेना. म्हणून साच्याची पद्धत आली. प्रत्येक रंगासाठी फिल्मची एक वेगळी प्रत घ्यायची आणि त्या रंगाचा भाग प्रत्येक फ्रेममधून कापून काढायचा. आधी हाताने कापायचे, पुढे शिवणयंत्रासारख्या वरखाली होणाऱ्या विजेच्या सुईने. कापणाऱ्या बाईसमोर काचेवर मोठं केलेलं चित्र असायचं. ती त्याची कड गिरवायची आणि दुसऱ्या टोकाला सुई छोट्या फ्रेममध्ये तीच कड कापायची. मग तो साचा आणि प्रत एकावर एक चालवून मखमलीच्या पट्ट्याने रंग पुसायचा. आमच्याकडे जुन्या साड्यांवर खडीचं छापकाम व्हायचं त्याचा हा इंचभर रुंदीचा चुलतभाऊ.

हाताचं आणि साच्याचं काम ओळखायचं कसं? फीत थांबवून रंगाची कड बघा. कड कापल्यासारखी, रंग सपाट, आणि चुकला तर सगळा एकाच बाजूला सरकलेला: साचा. कड प्रत्येक फ्रेममध्ये निराळी, मध्ये कुठे रंग दाट साचलेला, कुठे ब्रशची शेपटी: हात. आणि अख्खी फ्रेम एकाच निळ्या किंवा पिवळ्या रंगात असेल तर ते दोन्ही नाही. ती फिल्म रंगाच्या हौदात बुडवलेली आहे. रात्रीसाठी निळा, दिव्यासाठी पिवळा, आगीसाठी लाल. मूकपटांच्या काळात ही पद्धत इतकी सर्रास होती की "जुना सिनेमा म्हणजे काळा-पांढरा" ही समजूत मुळातच खोटी आहे. इंटरनेटवर या सगळ्याला सरसकट 'हँड-टिंटेड' म्हणतात. म्हणोत बापडे, पण तुम्ही बघताना फरक करा.

मला साच्याचं काम सुंदर वाटतं, त्यात कसबही जास्त आहे. पण जीव हाताच्या कामात अडकतो. साच्यात चूक एकदा झाली की प्रत्येक प्रतीत तीच होते. हाताच्या कामात चूक ही त्या दिवसाची, त्या दुपारची असते. भिंगाखाली मी अशा जागा पाहिल्या आहेत की सलग वीस फ्रेम रंग नेटका आहे, मग दोन फ्रेममध्ये घसरलाय, मग पुन्हा नेटका. कुणी हाक मारली असेल, मान अवघडली असेल, खिडकीतला उजेड गेला असेल.

आता दुसरा प्रश्न, रंग खरा का. मोबाइलवर दिसतो त्यातला काही खरा, काही नाही. अ‍ॅनिलिन रंग उजेडाने उडतात, गुलाबी तर फार लवकर. पण फिल्म बंद डब्यात अंधारात असते, त्यामुळे कधीकधी शंभर वर्षांनीही रंग आजच लावल्यासारखा निघतो. घात वेगळ्याच गोष्टीने झाला. नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते, पाण्याखालीसुद्धा जळत राहते, म्हणून विसाव्या शतकात जगभरच्या संग्रहालयांनी जुनी रिळं सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतली. आणि खर्च वाचवायला बऱ्याच ठिकाणी ती कृष्णधवल फिल्मवर उतरवली. चित्र वाचलं, रंग गेला. जो वाचलाय त्यावरही स्कॅन करणाऱ्याचा, मग अपलोड करणाऱ्याचा हात फिरतो. तुमच्या मोबाइलवर झगा फटाक्यासारखा झगमगत असेल तर त्यातला बराच रंग कुणीतरी बटण फिरवून वाढवलेला आहे. खऱ्या प्रतीतला रंग सरबतासारखा असतो, त्यातून पलीकडचं दिसतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती 'साठ फ्रेम, फोर-के, एआय' अशा पाट्या लावलेल्या आवृत्त्यांची. ते सॉफ्टवेअर दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतः तयार करतं आणि जे एका फ्रेममध्ये आहे पण शेजारच्यात नाही त्याला कचरा समजून पुसतं. म्हणजे नेमकी रंगवणारीची थरथर. हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत होते आणि त्या बाईचा हात पडद्यावरून निघून जातो. माझ्या चार फ्रेम स्पिरिटने गेल्या होत्या, इथे आख्खी फीत जाते. मूळ प्रतीच्या जितक्या जवळचं मिळेल तितकं बघा, संग्रहालयांनी स्वतः चढवलेलं असेल तर उत्तम.

आता कृती. ३५ मिलिमीटरचे कृष्णधवल तुकडे शोधा. बंद पडलेल्या थिएटरांच्या भंगारात, चोरबाजारात जुन्या वृत्तपटांचे आणि जाहिरातींचे मिळतात. कडेला 'सेफ्टी' छापलेलं असेल तरच घरात आणा, नसेल तर ती नायट्रेट असू शकते, हात लावू नका. फिल्मची जी बाजू जरा निस्तेज दिसते तिच्यावर जिलेटिन असतं. खात्री नसेल तर कोपरा ओलसर ओठांना लावा, जी बाजू चिकटते ती. रंग खाण्याचेच घ्या, केकवाल्यांचे पाण्यात विरघळणारे. चमचाभर पाण्यात कणभर रंग आणि व्हिनेगरचा एक थेंब, त्याने जिलेटिन रंग चांगला धरतं. ब्रश तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक. ब्रश बुडवला की आधी टिश्यूवर टेकवा, नाहीतर थेंब पसरतो आणि जिलेटिन फुगतं. खाली दुसऱ्या मोबाइलचा पांढरा पडदा लावून उजेड घ्या, वर भिंग. पांढरी गोष्ट निवडा: पदर, धूर, पाणी. काळ्या कोटाच्या नादी लागू नका. वाळल्यावर एकेक फ्रेमचा फोटो काढून सेकंदाला सोळा या वेगाने ओळीने लावा आणि फिरवत ठेवा.

मी निवृत्त झाल्यावर हे पहिल्यांदा केलं तेव्हा सोळा फ्रेमना पावणेतीन तास लागले. विहिरीवर पाणी ओढणारी एक बाई होती, तिचा पदर लाल केला. नवव्या फ्रेमला माझा हात हलला आणि लाल थेंब पदरावरून उडून विहिरीच्या काठावर पडला. तो पुसायचा प्रयत्न केला तर अजून पसरला, म्हणून सोडून दिला. संध्याकाळी घरच्यांना भिंतीवर फिरवून दाखवलं. पदराबद्दल कुणी काही बोललं नाही. नातीने विचारलं, "आजोबा, मध्येच विहिरीवर ते काय चमकून जातं?"